आधी चालवा, मग पळवा

शर्यतीआधी कुत्र्यांना लोकांसमोरून फिरवून आणणं ही निव्वळ मालकांची हौस, तिथं पशुवैद्याचं काही काम नाही, असं माझं ठाम मत होतं. मुळात शर्यतीच नकोत म्हणणारी मी. गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवर मालकाचं नाव छापलेली झूल, पुढं हलगी आणि बाजूनं मोबाइल धरून धावणारी पोरं. तो थाट बघायचीही इच्छा नसायची. आज मी त्याच फेरीसाठी जत्रा समितीच्या पोरांना शिकवायला जाते. शर्यतींबद्दल मी फारशी मवाळ झालेले नाही. त्या फेरीबद्दलचं मत मात्र पार उलटलं. ओळखीतले लोक आडून आडून विचारतात, "डॉक्टरबाई, तुम्हीसुद्धा?" म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझा दवाखाना नवी पेठेत, कपड्यांच्या दुकानांच्या मागच्या बोळात. गाडी कुठं लावायची हा प्रश्न सोलापूरकरांना नव्यानं समजवायला नको. पेशंट बहुतेक शहरातले: लॅब्राडॉर, पॉमेरेनियन, फ्लॅटमधली मांजरं. पण गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की बोळाच्या तोंडाशी छोटा टेम्पो थांबतो आणि त्यातून कारवानी कुत्री उतरतात. मंगळवेढ्याकडची, सांगोल्याची, जतची, कधी सीमेपलीकडची इंडी-विजयपूरची. लांब मुस्कट, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट. साड्या घ्यायला आलेल्या बाया थबकतात, "अगं बाई, उपाशी ठेवलंय का गं याला?" उपाशी नसतं. बांधाच तसा.

लातूर-सोलापूरकडं ज्याला कारवानी म्हणतात त्यालाच कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची कुत्री पंचम जॉर्जला भेट दिली, तेव्हापासून ते नाव गाजलं. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला या जातीसाठी सरकारी केंद्र आहे. एवढा मानमरातब, पण याचं मूळ काम सशामागं धावण्याचं, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते काम राजरोस उरलं नाही. नजरेनं सावज टिपून सुसाट सुटणारं जनावर दाराशी बांधून ठेवायचं तर त्याला कुठंतरी पळवावंच लागतं. मग जत्रेत मोटारसायकलमागं चिंध्यांचा ससा बांधतात आणि सोडतात कुत्री. वेग वाढावा म्हणून यांच्यात ग्रेहाउंडचं रक्त मिसळायची टूम निघाली आहे, ती मला अजिबात पटत नाही. पण तो वेगळा विषय.

समितीची माणसं कुत्री ठणठणीत असल्याच्या दाखल्यासाठी यायची. "मॅडम, तुम्ही नुसती सही करा, बाकी आम्ही बघतो." मी नाही म्हणायची. माझा हिशेब सरळ होता: माझी सही म्हणजे शर्यतीला माझी संमती. सही नाही दिली तर निदान माझे हात तरी स्वच्छ. बैलगाडा शर्यतींवर 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली तेव्हा मी पेढे वाटले होते. 2017 ला राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं शर्यतींना वाट मोकळी केली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती उचलून धरली. त्या दिवशी दवाखान्यात आलेल्या प्रत्येकावर मी चिडचिड केली असणार.

पुढं रागारागानंच बैलांचे ते नियम वाचून काढले. जास्तीत जास्त 1000 मीटर धाव, काठी-चाबूक बंद, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्याची तपासणी, नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर का होईना, बैलासाठी कुणीतरी बसून विचार केला होता. पण हे सगळं बैलाचं. त्याच जत्रेत, त्याच मांडवाशेजारी पळणाऱ्या कुत्र्याला त्या नियमांत जागाच नाही. त्याच्यासाठी उरतो 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, आणि तो बहुधा जनावर जायबंदी झाल्यावरच आठवतो.

असाच एक जायबंदी कारवानी माझ्याकडं आला. मालक साधा शेतकरी, कुत्रं पोराला घ्यावं तसं दोन्ही हातांवर घेऊन आलेला. दुसरा नंबर काढला होता म्हणे. पुढच्या उजव्या पंजाचं एक बोट सांध्यातून उघडं पडलेलं. धुऊन बघितलं तर नखाच्या मुळाशी पू. पू एका दुपारीत होत नाही. म्हणजे नख आधीच चिरलेलं, पंजा आधीच दुखत होता, आणि त्याच पंजावर ते पळालं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं खिशातून दाखला काढला. आठवडाभर आधीची सही. त्या दिवशी कुत्रं खरंच ठणठणीत असेल. दाखला खोटा नव्हता, शिळा होता.

"शर्यतीआधी लंगडत नव्हतं?"

"चाललंच कुठं मॅडम? टेम्पोतून उतरवलं, रेघेवर धरलं, सोडलं."

माणूस खोटं बोलत नव्हता. या जातीला सावज दिसलं की दुखणं आठवत नाही. तीन पायांवरसुद्धा पळेल. पळताना बघणाऱ्याला वेग दिसतो, पाय दिसत नाहीत. दुखरा पाय दिसतो तो चालताना. हे मी उदगीरला कॉलेजात शिकले, रोज दवाखान्यात वापरते, बोळात कुत्री चालवून बघते. आणि जिथं कुत्र्याला चार पावलं चालवण्याचा जुना रिवाज होता, त्या फेरीला मी नाकं मुरडत होते. त्या जत्रेत तर उशीर झाला म्हणून ती फेरी गाळली होती.

मग जिथं हा खेळ रीतसर चालतो तिथं काय करतात ते वाचायला घेतलं. ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागची पहिली नियमित ग्रेहाउंड शर्यत 24 जुलै 1926 ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर झाली. तिथं प्रत्येक शर्यतीआधी कुत्री ओळीनं प्रेक्षकांसमोरून चालवत नेतात, आणि चालवणारी माणसं त्यासाठी नेमलेली असतात. अंगावरच्या झुलीचे रंग ठरलेले: एक नंबर तांबडा, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारिंगी, सहा काळे-पांढरे पट्टे. त्याआधी वजन होतं. मागच्या शर्यतीपेक्षा किलोहून जास्त फरक पडला तर कुत्रं बाद. कानातला गोंदलेला क्रमांक बघतात, ओळखपत्रावर लिहिलेला नखांचा रंगसुद्धा ताडून बघतात. 2010 च्या नियमांनुसार इंग्लंडमध्ये पशुवैद्य हजर असल्याशिवाय शर्यत होत नाही, आणि त्यानं प्रत्येक कुत्रं पळण्याआधी तपासायचं असतं.

यातली गंमत अशी की नखांच्या रंगापर्यंतची ही चिकित्सा कुणी कुत्र्याच्या मायेपोटी सुरू केलेली नाही. कुत्रं बदलून फसवतील, ही पैसे लावणाऱ्यांची भीती. फेरीही त्यांच्यासाठीच: कुठल्या कुत्र्यावर पैसे लावायचे ते डोळ्यांनी बघून ठरवता यावं. पुण्याच्या रेसकोर्सवर पॅडॉकमध्ये घोडे गोल फिरवतात तेही त्याच कारणासाठी. म्हणजे जुगाऱ्याच्या संशयानं जनावराचं जेवढं भलं केलं, तेवढं माझ्या सोवळेपणानं केलं नव्हतं. हे पचायला मला जड गेलं.

एका समितीला मी सांगितलं, सही देईन, पण शर्यतीच्या दिवशी, रेघेजवळ, कुत्रं चालवून बघितल्यावरच. आणि चालवणारी पोरं तुमची असतील, मालकाची नाहीत. ते एकमेकांकडं बघायला लागले. "कशाला चालवूलालाव मॅडम? पळायला आणलंय ते." मी म्हटलं, गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज पेलायचे तर आधीपासून सराव करता ना? तसंच हे. सोलापुरात या युक्तिवादाला उत्तर नाही.

शिकवायला लागल्यावर कळलं की पोरांना कुत्र्याची भीती नाही, आवडही आहे, पण बघायचं कुठं ते माहीत नाही. सगळ्यांची नजर कुत्र्याच्या तोंडावर. मी सांगते, डोकं वरखाली होतंय का बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त हलतो. आधी हळू चालवा, मग दुडक्या चालीनं. येताना बघा, जाताना बघा, बाजूनं बघा. जमीन टणक हवी, भुसभुशीत मातीत लंगडणं लपतं.

आणि दोरी सैल. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि मालकांना नको असलेलंही हेच. दोरी वर ओढून मान ताठ धरली की कुत्रं रुबाबदार दिसतं आणि डोकं हलायला जागाच राहत नाही. दुखरा पाय त्या रुबाबात झाकला जातो. पट्टा मात्र रुंद आणि ओढल्यावर आवळला जाणारा हवा, कारण यांची मान डोक्याएवढीच जाड; साधा पट्टा कानावरून सुर्रकन निसटतो आणि कुत्रं गर्दीत. एकदा तसं झालं तेव्हा अर्धी जत्रा त्याच्या मागं पळाली.

फेरी आटोपशीर हवी, यावर भांडणं होतात. पाहुण्यांचं भाषण, शाल-श्रीफळ, हलगी, सगळं कुत्र्यांना उन्हात उभं करून. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही; धापा टाकूनच ते गार होतं. एका धावेनं अंगातली उष्णता 41 अंशांपर्यंत जाते. सुरुवातच सोलापूरच्या वैशाखात, तापलेल्या अंगानं झाली तर पुढं काय उरतं? म्हणून सत्कार शर्यतीनंतर करा, हलगी लांब वाजवा, असं मी सांगते. सत्काराचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

खरं अवघड शिक्षण वेगळंच आहे. लंगडतंय हे दिसणं सोपं, "हे पळणार नाही" हे म्हणणं कठीण. पंच म्हणून उभा असलेला विशीतला पोरगा, आणि कुत्रं गावातल्या वजनदार माणसाचं, ज्याच्या वर्गणीवर मांडव उभा आहे. पोरगा माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो गप्प बसला आणि मलाच बोलावं लागलं. पुढं आम्ही रीत बदलली. दोन पंच समोरासमोरच्या बाजूंना, आपसात न बोलता बघतात. शंका आली तर नुसती चिठ्ठी. नंबराची झूल फेरी संपल्यावरच चढते, त्यामुळं बाद कुत्र्याचं नाव माइकवर घ्यावं लागत नाही. मालकाची अब्रू राहते, कुत्र्याचा पाय राहतो. कायद्याच्या बंदीनं हा वजनदार माणूस बधला नसता. चारचौघांत शोभा नको म्हणून बधतो. याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

माझी एक जुनी मैत्रीण प्राण्यांसाठी काम करते. ती म्हणते, तू त्यांना प्रतिष्ठा मिळवून देतेस. तिच्याकडं उदाहरणं आहेत आणि ती खोटी नाहीत. ऑस्ट्रेलियात फेऱ्या, पशुवैद्य, नोंदी, सगळं रीतसर होतं, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीनं दाखवलं की सरावाच्या ठिकाणी कुत्र्यांपुढं जिवंत ससे आणि डुकराची पिल्लं बांधली जात होती. फ्लोरिडातल्या मतदारांनी 2018 मध्ये शर्यती बंद करायचा कौल दिला आणि 2020 संपताना त्या बंद झाल्या. न्यूझीलंडनं 2024 मध्ये तेच जाहीर केलं. गोल मैदानावर डावीकडं वळताना कुत्र्यांच्या उजव्या मागच्या पायाचं घोट्याचं हाड मोडतं, ते शर्यतीआधी कितीही नीट चालवून कळणार नाही. आमच्याकडची धाव सरळ रेषेत असते, एवढाच फरक. फेरीत दिसतं ते फेरीपुरतं. आदल्या महिन्यात त्या कुत्र्याला शेतात कशामागं पळवलं, ते मला दिसत नाही.

उद्या सरकारनं कुत्र्यांच्या शर्यती सरसकट बंद केल्या, आणि ती बंदी खरोखर पाळली गेली, तर मी पुन्हा पेढे वाटीन. फेरी शिकवणं आणि बंदी हवीशी वाटणं, या दोन्ही गोष्टी मनात एकत्र नांदतात, मला त्रास होत नाही. मैत्रिणीला होतो.

सध्याचं सांगायचं तर, एका समितीनं यंदा धाव सकाळी सातला घ्यायचं कबूल केलं आहे. दुसरीनं कळवलं की त्यांना आदल्या आठवड्यात सही देणारे डॉक्टर मिळाले आहेत. त्यांच्या जत्रेला मी तरीही जाणार आहे, बिनबोलावता. टेम्पो थांबतात तिथं उभी राहीन आणि जो मालक तयार होईल त्याला म्हणेन, दोरी सैल सोडा आणि त्या लिंबापर्यंत चालवून आणा.