काय करायचं, ते सांगणारं गणित

तिकीटखिडकीवरचा माणूस 80 टक्के वेळ कामात असेल, तर खिडकीशी सरासरी किती माणसं असतील? चार. आणि तो 90 टक्के वेळ कामात असेल तर? मी मनात म्हटलं पाच, फार तर सहा. उत्तर आलं नऊ! 95 टक्क्यांना एकोणीस! येणारी माणसं वाढली शंभरामागे पाच-सहा, आणि गर्दी झाली दुप्पट. सूत्र तरी केवढं? कामात गेलेल्या वेळेच्या वाट्याला मोकळ्या वाट्यानं भागायचं. 0.9 भागिले 0.1, संपलं. अट एवढीच, की माणसं वेळ ठरवून येत नाहीत आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो. म्हणजे कुठल्याही खिडकीवर असतं तसंच. खिडकीमागचा माणूस जरा रिकामा दिसला की आपण कुरकुरतो, पण त्याचा तो मोकळा वेळच तर रांग आटोक्यात ठेवत असतो! हे कळलं त्या दिवसापासून दवाखाना, बँक, टोलनाका, कुठेही गेले तरी मी आधी मोकळा वाटा मोजते.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अर्लांग नावाचा गणिती होता. किती तारा ठेवल्या म्हणजे फोन करणाऱ्याला ताटकळावं लागणार नाही, या प्रश्नावर त्यानं 1909 साली पहिला निबंध छापला. रांगेचं शास्त्र तिथून निघालं आणि आज ते, काय करायचं ते सांगणाऱ्या ऑपरेशन्स रिसर्च या विषयाचा एक कोपरा आहे. फक्त एक कोपरा! बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं तेव्हा या विषयाचा एक पेपर होता, तो मी बाकीच्या पेपरांसारखा पाठ करून दिला. आता एम.एस्सी.ला तोच मुख्य विषय आहे. पहिलंच सत्र चालू आहे आणि मला झोप लागत नाही.

मुळात ऑपरेशन्स रिसर्च वाढलं ते दुसऱ्या महायुद्धात. अटलांटिक समुद्रात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजं बुडवत होत्या. ताफा लहान असला तर सुरक्षित, असं नौदलाला वाटत होतं. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटानं आकडे काढून पाहिले, तर एका हल्ल्यात किती जहाजं बुडतात याचा ताफ्याच्या आकाराशी फारसा संबंधच नव्हता. आणि राखण करायची असते ती परिघाची. ताफा चौपट केला, तर परीघ होतो दुप्पट. म्हणजे तेवढ्याच युद्धनौकांत कितीतरी जास्त जहाजं राखता येतात. आठवीतल्या वर्तुळाच्या धड्यानं खलाशांचे जीव वाचवले! ब्लॅकेट पुढे 1948 चे नोबेल मानकरी झाले आणि स्वतंत्र भारताच्या सरकारलाही त्यांनी सल्ला दिला. आपल्याकडे हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत या विषयाचा गट 1949 मध्येच उभा राहिला होता, आणि प्रशांतचंद्र महालनोबिसांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून हा विषय थेट देशाच्या नियोजनापर्यंत नेला.

पण मला खरं वेड लावलं ते आहाराच्या गणितानं. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञानं 1945 साली विचारलं, 77 खाद्यपदार्थ आहेत, 9 पोषकद्रव्यं पुरेशी मिळाली पाहिजेत, तर एका माणसाचं वर्षाचं जेवण कमीत कमी किती पैशांत होईल? त्यानं युक्त्या लढवून उत्तर काढलं, 1939 च्या भावानं 39.93 डॉलर. जेवणात काय, तर गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. हेच सर्वांत स्वस्त, याची खात्री द्यायला त्याच्याकडे पद्धत नव्हती. ती 1947 साली जॉर्ज डँटझिगनं शोधली, सिम्प्लेक्स तिचं नाव. तिची परीक्षा घ्यायला हाच प्रश्न निवडला. हातानं चालवायच्या गणकयंत्रांवर कारकून बसले, माणूस-दिवसांच्या हिशेबात 120 दिवस खपले, आणि उत्तर आलं 39.69 डॉलर. स्टिगलरपेक्षा फक्त 24 सेंट कमी! त्या 24 सेंटांपाशी मी कितीतरी वेळ थांबले होते. कारण त्या उत्तराबरोबर हमी मिळाली, की याहून स्वस्त जेवण असूच शकत नाही. आज माझ्या साध्या लॅपटॉपवर तेच गणित डोळ्याची पापणी लवायच्या आत सुटतं. मी सोडवून पाहिलंय.

आणि आता करमरकर! नरेंद्र करमरकर, ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, 1978 साली पवईच्या आयआयटीतून विद्युत अभियंता झालेले. हे नाव आपल्या घराघरांत का ठाऊक नाही, मला खरंच कळत नाही. सिम्प्लेक्समध्ये शक्य उत्तरांचा एक बहुमितीय घनाकार असतो, आणि पद्धत त्याच्या कडांवरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात चांगलं उत्तर शोधते. एरवी ती झपाट्यानं पोचते. पण क्ली आणि मिंटी यांनी 1972 मध्ये असा घनाकार रचून दाखवला की ती बिचारी प्रत्येक कोपरा पायाखाली घालते, आणि मिती एकेकानं वाढली की कोपरे दुपटीनं वाढतात. रशियाच्या खाचियाननं 1979 साली सिद्ध केलं की अशा भोवऱ्यात न सापडणारी पद्धत असू शकते, पण ती प्रत्यक्षात फार संथ निघाली. मग 1984 मध्ये बेल लॅब्जमधल्या, तिशीही न ओलांडलेल्या करमरकरांनी कडेकडेनं जाणंच सोडून दिलं. वाड्याच्या भिंती धरून फिरण्यापेक्षा चौकातून आरपार जावं, तसे ते घनाकाराच्या आतून गेले! सिद्धांतातही जलद आणि व्यवहारातही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताची बातमी, पहिल्या पानावर. आज मोठी गणितं सोडवणाऱ्या प्रत्येक नामांकित सॉफ्टवेअरमध्ये सिम्प्लेक्सच्या शेजारी ही आतल्या वाटेची पद्धत बसलेली असते.

माझे वडील एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक आहेत. चालक-वाहकांच्या ड्युट्या लावणं हे त्यांचं रोजचं काम. दहा माणसांना दहा फेऱ्या वाटायच्या, तर 36 लाख 28 हजार 800 प्रकार होतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काल मुक्कामी गाडीवर गेलेल्याला आज विश्रांती द्यावीच लागते. एक आजारी पडला, एकाच्या घरी कार्य निघालं. तुझ्या गणिताला हे कळतं का?”

“अण्णा, तेच तर कळतं! प्रत्येक गोष्ट अट म्हणून लिहायची आणि परत सोडवायचं.”

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. त्यांनी अटी सांगितल्या, मी लिहिल्या. पाठ्यपुस्तकात नसलेल्या कितीतरी अटी त्या वहीत आल्या, आणि या विषयातलं निम्मं कौशल्य प्रश्न नीट मांडण्यात आहे ही गोष्ट मला वर्गापेक्षा त्या रात्री जास्त पटली. इथे उत्तर पूर्णांकातच हवं, अडीच वाहक पाठवता येत नाहीत. पूर्णांकाची अट आली की गणित एकदम अवघड होतं. त्यासाठीची फांद्या फोडत आणि निरुपयोगी फांद्या छाटत जाणारी पद्धत 1960 साली प्रसिद्ध झाली, आणि ती शोधणाऱ्या दोन स्त्रिया होत्या, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डोइग. हे वाचून मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

“पण नोकरी काय लागते?” हा प्रश्न प्रत्येक मावशी-काकू विचारते, आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते सगळीकडे पसरलेलं आहे. विमान कंपन्यांत कुठला वैमानिक कुठल्या उड्डाणांवर जाईल आणि तिकिटाचा भाव कसा बदलेल, हे ठरवणारे लोक याच विषयाचे असतात. कुठलं गोदाम कुठे उघडायचं, डिलिव्हरीची गाडी कुठल्या क्रमानं फिरवायची, तेही हेच गणित. गाडीला सुटायची जागा धरून 15 ठिकाणं फिरून परत यायचं असेल तर वाटा होतात 4,358 कोटींहून जास्त, अंदाजानं हे काम होणं शक्यच नाही. भारतात विजेचं वेळापत्रक 15 मिनिटांच्या तुकड्यांत आखतात, दिवसाचे 96 तुकडे, आणि प्रत्येकात कुठल्या केंद्रानं किती वीज द्यायची ते ठरवावं लागतं. रेल्वेनं 2020 मध्ये वेळापत्रकाची मुळापासून फेरआखणी हाती घेतली, तेव्हा मदतीला आयआयटी मुंबई होती. बँका, कारखाने, रुग्णालयं यांची नावं घेत बसत नाही.

मात्र जाहिरातीत ‘ऑपरेशन्स रिसर्च’ हे शब्द शोधत बसू नका, ते क्वचितच सापडतील. ऑप्टिमायझेशन सायंटिस्ट, डिसिजन सायंटिस्ट, सप्लाय चेन ॲनालिस्ट, रेव्हेन्यू मॅनेजमेंट अशा नावांनी या जागा निघतात. सध्या सगळे डेटा सायन्सच्या मागे आहेत, आणि ते शिकावंच. पण उद्या किती मागणी येईल एवढं सांगून अंदाज थांबतो. मग ट्रक किती पाठवायचे? तिथून पुढचं सगळं आमचं!

शिकायला लागतं काय, तर रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि पायथॉनसारखी एखादी संगणकभाषा. पवईच्या आयआयटीत आयईओआर म्हणून ओळखला जाणारा याच विषयाचा विभाग आहे. त्याच परिसरात 1963 पासूनची निटी, जी 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. दिल्ली विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे, कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत एम.टेक. आहे. इंजिनिअरिंग झालेल्यांनी गेट परीक्षेकडे पाहावं, आणि गणित किंवा संख्याशास्त्राच्या पदवीधरांनी ‘आपल्याला शिक्षक होण्याशिवाय वाट नाही’ हे कृपा करून डोक्यातून काढून टाकावं.

तुमच्या घरात गणित आवडणारं कुणी असेल, तर त्याला अकरावी-बारावीतच हा विषय दाखवा. आहाराच्या गणितासारख्या प्रश्नांचा, म्हणजे रेषीय प्रोग्रॅमिंगचा धडा बारावीच्या पुस्तकात आहेच, तो आलेख काढून सोडून देऊ नका. अशी गणितं सोडवणारं गुगलचं ओआर-टूल्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या. आणि पहिला प्रश्न पुस्तकातला घेऊ नका, आपल्या घरातला, दुकानातला, आगारातला घ्या.