मुठीत मावणारा माणूस

जॉन स्मार्टने रंगवलेला चेहरा पाहायचा तर वाकावं लागतं. जेमतेम दोन इंचांचं लंबगोल चित्र. पावडर लावलेले केस, डोळ्यांखालची बारीकशी सुरकुती, ओठांच्या कडेला उमटू पाहणारं हसू. खाली कडेला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत सही आणि साल. काही चित्रांवर त्याच्याच जोडीला आणखी एक अक्षर असतं, ‘आय’. इंडियाचा आय. स्मार्ट 1785 मध्ये मद्रासला आला आणि 1795 मध्ये इंग्लंडला परतला. त्या वर्षांतली ही खूण. लिलावाआधी जाणकार भिंग लावून ती शोधतात.

मद्रासमध्ये अशा चित्रकाराला गिऱ्हाईक का मिळत असेल, हे समजायला समुद्र आठवावा लागतो. जहाजाला इंग्लंड गाठायला कित्येक महिने लागत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आलेले कितीतरी तरुण ताप, हगवण नाहीतर लढाई यांतून परत गेलेच नाहीत. मागे राहिलेल्या आईकडे, बायकोकडे पाठवायचा तो चेहरा. सोन्याच्या चौकटीत, वर काच, आणि पुष्कळदा मागच्या बाजूला त्याच माणसाच्या केसांची विणलेली बट. भिंतीवर मिरवायला नव्हे, गळ्यात घालायला किंवा मुठीत धरायला.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात चित्रकार निकोलस हिलियार्ड अशी चित्रं तलम चर्मपत्रावर काढी आणि ते पाठीमागून पत्त्यांच्या कॅटमधल्या पानावर चिकटवी. हस्तिदंताचा वापर 1700च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएराने रुळवला. हस्तिदंत पाणी धरत नाही. म्हणून त्याचा पातळ काप घासायचा, त्यातला तेलकटपणा काढायचा आणि मग डिंकात कालवलेला जलरंग ठिपक्याठिपक्यांनी बसवायचा. गालावर रंग जवळजवळ द्यायचाच नाही. उजेड कापात शिरून परत फिरतो, आणि कातडीखाली रक्त वाहत असल्यासारखी झाक येते. या झाकेसाठी हत्ती मारले गेले, हे मला ते गाल पाहताना विसरता येत नाही.

पुढे 1839 मध्ये डागेरोटाइप हा छायाचित्राचा प्रकार आला आणि हा धंदा बसला.

लिलावात आज आधी सही पाहिली जाते, मग चौकट, मग काप तडकला आहे का, आणि शेवटी गालाचा रंग. स्मार्टसारख्याच्या उत्तम चित्राला हजारो पौंड मिळतात. अनामिक हाताच्या चित्राला काहीशे मिळाले तरी पुष्कळ. गालाच्या रंगापाशी मात्र मी अडखळते. चित्रकार वापरत तो लाल रंग उजेडाने उडतो आणि चेहरा राखाडी पडतो. म्हणजे जे चित्र कुणी रोज खिडकीपाशी नेऊन पाहिलं, गळ्यात वागवलं, त्याची बोली खाली येते. दोनशे वर्षं कपाटाच्या खणात पडून राहिलेलं टवटवीत उरतं आणि हातोडा त्याच्यासाठी वर चढलेल्या आकड्यावर पडतो. ज्यावर जीव जडला तेच झिजलं.

लिलावाला दोष देण्याइतकं हे सोपं नाही. बोली लागत नसती तर यांतली कितीतरी चित्रं सोन्याच्या भावात मुशीत गेली असती, चेहरा काढून टाकून. ब्रिटनने 2018 मध्ये हस्तिदंताच्या व्यापारावर बंदीचा कायदा केला, तेव्हाही 1918 पूर्वीच्या छोट्या व्यक्तिचित्रांना नोंदणीच्या अटीवर सूट दिली. नव्या शिकारीला यातून उत्तेजन मिळू नये आणि जुनी माणसं पुसली जाऊ नयेत, अशी ती वाट आहे, आणि मला ती योग्य वाटते.

पण लिलावाच्या यादीत ‘एक अनोळखी गृहस्थ’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मी पाठीची बाजू शोधते. जॉर्ज एंगलहार्ट या चित्रकाराने आपल्या हिशेबाच्या वहीत 4,853 चित्रांची नोंद केली, म्हणून त्याच्यासमोर बसलेल्या पुष्कळ माणसांचा माग तरी लागतो. बहुतेकांच्या वाट्याला अशी वही आली नाही. त्यांच्या बाबतीत सांगण्यासारखं जे काही उरलं आहे ते काचेखालच्या त्या केसांत आणि कोरलेल्या दोन आद्याक्षरांत. म्हणून प्रत्येक यादीत पाठीचं छायाचित्रही दर्शनी बाजूएवढंच मोठं छापावं, असं मला फार वाटतं. आणि राखाडी पडलेल्या गालांची चित्रं विकणाऱ्यांनी ‘रंग उडालेला’ यापुढे आणखी दोन शब्द लिहावेत: ‘पुष्कळ पाहिलेलं’.