मेन्लो पार्कचे गॅरेज

गतवर्षी कॅलिफोर्नियात चिरंजीवांकडे मुक्काम असताना एके सायंकाळी आम्ही मेन्लो पार्क या गावी फिरावयास गेलो. रांगेने साधी घरे, पुढे हिरवळ. एका घरासमोर चिरंजीव थांबले. "नाना, ते गॅरेज पाहिलेत? घरगुती संगणकाचे बारसे इथे झाले म्हणा ना!" घर खासगी, म्हणून रस्त्यावरूनच पाहिले.

५ मार्च १९७५ च्या पावसाळी रात्री गॉर्डन फ्रेंच यांच्या या गॅरेजमध्ये तीसेक मंडळी जमली. आमंत्रण फ्रेंच व फ्रेड मूर यांचे. सर्वांच्या कुतूहलाचा विषय होता 'अल्टेअर ८८००' हा संगणक. त्याला ना पडदा, ना कळफलक. खटके खालीवर करावेत आणि दिव्यांची उघडझाप पाहावी, एवढाच त्याचा संसार! संगणक ही तोवर बड्या कंपन्यांची व विद्यापीठांची मिरास. तो घरी, आपल्या हातांनी जुळवावा, या ध्यासातून 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' जन्मास आला.

पुढे सभा स्टॅनफर्डच्या एका सभागृहात भरू लागल्या. ली फेल्सेनस्टाइन सूत्रे सांभाळीत. कुणाला काय अडले, कुणापाशी काय आहे, हे प्रत्येकाने उभे राहून सांगावे. मग ज्याने त्याने आपला माणूस गाठावा. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी पहिल्या अ‍ॅपलचे आराखडे इथेच मुक्तहस्ते वाटले.

या औदार्याला दुसरीही बाजू होती. बिल गेट्स व सहकाऱ्यांनी अल्टेअरसाठी रचलेल्या 'बेसिक'च्या कागदी फिती नकलून वाटल्या गेल्या. एक नेणाऱ्याने दोन आणाव्यात, अशी रीत! फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी खुल्या पत्रातून याला चोरी म्हटले. कारागिराच्या कष्टांचे मोल बुडू नये, हे खरेच. पण विद्या कुलुपात ठेवून वाढावी कशी? क्लब १९८६ मध्ये संपला. वाद अद्याप मिटलेला नाही.

परतताना माझे मन मात्र त्या उभे राहून विचारणाऱ्यांपाशी घुटमळत होते. बडोद्यास मी तीस वर्षे शिक्षकी केली. 'समजले नाही' म्हणणाऱ्या किती मुलांना धीर दिला! पण निवृत्तीनंतर संगणकापुढे बसलो, की पोटच्या मुलाला विचारण्याचीही लाज वाटे; अडले की मुकाट्याने उठत असे.

त्या रात्री म्हणालो, "अरे, मला हे काहीच येत नाही. पहिल्यापासून सांगशील?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले.