झेरॉक्स नव्हे, ओरिजिनल!

व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा भाडेकरू. त्याची अख्खी डिस्क म्हणजे होस्टवरची एक भलीमोठी फाइल. आत काहीही गोंधळ घाला, बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत या! म्हणूनच हा प्रकार मला आवडतो.

पण फाइल्स आत-बाहेर न्यायला आपण शेअर्ड फोल्डर देतो. व्हर्च्युअलबॉक्सवरच्या लिनक्समध्ये गेस्ट ॲडिशन्स टाकायच्या, युजरला 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये घ्यायचं, की झालं काम. खरी गोम इथेच आहे, मित्रांनो! हा फोल्डर झेरॉक्स नव्हे, ओरिजिनलच. आत 'आरएम' मारलं की बाहेरची फाइल गेली, तीही ट्रॅशमध्ये न थांबता. मग स्नॅपशॉट मागे नेऊनही ती परत येत नाही, कारण ती त्या डिस्कवर कधी नव्हतीच. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळण्यात काय अर्थ?

म्हणून माझा नियम साधा. प्रोजेक्टचा सोर्स 'रीड-ओन्ली' शेअर करायचा, रिझल्टसाठी वेगळा रिकामा फोल्डर. होम डिरेक्टरी तर कधीच द्यायची नाही. भाडेकरूला खोली द्यावी, तिजोरीची किल्ली कशाला?