उधळ्या पुत्र आणि सातबारा

रेम्ब्रांटचं १६३६ सालचं एचिंग, 'उधळ्या पुत्राचं परतणं'. आकार तळहाताहून थोडा मोठा, उंची साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. बाप पायरीवर वाकलाय, पोरगा गुडघे टेकून त्याच्या अंगाशी. कमरेला फडकं, केसांच्या जटा, बरगड्या मोजाव्यात अशा. मागे जिन्यावरून नोकर कपडे आणि जोडे घेऊन येताहेत. वरच्या खिडकीचं दार ढकलून एक बाई डोकावतेय. गाव कुठलंही असो, ही बाई असतेच.

*

लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट (अध्याय १५) मावळात समजावून सांगायला नको. बाप जिवंत असताना धाकटा हिस्सा मागतो, विकून मोकळा होतो, परमुलखात पैसा उडवतो. द्रुतगती मार्ग झाला, जमिनीला भाव आला आणि इथेही गुंठामंत्री निपजले. गळ्यात साखळी, दारात स्कॉर्पिओ. पुढे विकलेल्या जमिनीवरच्याच बंगल्याच्या गेटवर वॉचमन. परत यायला बापाचं घर तरी उरलं, तर नशीब म्हणायचं.

*

हे चित्र केलं तेव्हा रेम्ब्रांट तिशीचा. त्याच सुमारास त्याने स्वतःलाच गुत्त्यातला उधळ्या म्हणून रंगवलं, मांडीवर बायको सास्किया, हातात उंच पेला. आणि १६३६च्या फेब्रुवारीत त्यांचा पहिला मुलगा दोन महिन्यांचा होऊन गेला. यावरून काही सिद्ध करायला मी जाणार नाही. तारखा अशा आहेत एवढंच.

*

थोरला भाऊ. चित्रात तो ओळखू येत नाही. गोष्टीत तो तेव्हा शेतावर असतो. संध्याकाळी घरी येतो तर आत वाजतगाजत जेवणावळ. तो उंबऱ्याबाहेर अडून बसतो: एवढी वर्षं राबलो, मला कधी एक करडू दिलंत का? कीर्तनात असो की प्रवचनात, या माणसाला खुजं ठरवण्याची घाई असते. माझ्या मते त्याची तक्रार रास्त आहे. बाप गळ्यात पडून मोकळा झाला. धाकट्याला उद्यापासून पोसायचं ते थोरल्याच्याच वाट्यातून. तलाठी कार्यालयाबाहेर हक्कसोडपत्राची फाईल काखेत धरून उभे असलेले भाऊ बघा, म्हणजे कळेल.

*

आपला पुंडलिकही आईबापांना छळून मग वळणावर आलेला. पण त्याची माफी मागतानाची तसबीर घराघरात नाही. आपल्याकडे टांगतात ती त्यानंतरची: पोरगा पाय चेपतोय, देव विटेवर थांबलाय. रडारड नाही, रोजचं काम. मला हे जास्त पटतं.

*

एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईने रेघा, मग आम्लात बुडवायचं. एका पत्र्यातून पुष्कळ प्रती निघत, म्हणून तैलचित्र न परवडणाराही रेम्ब्रांट विकत घेऊ शकत असे. हाच हिशेब रविवर्म्याने केला. मुंबईत १८९४ला काढलेला त्याचा छापखाना १८९९मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तंत्र मात्र शिळाछापाचं, रंगागणिक वेगळा दगड. लक्ष्मी-सरस्वती इथूनच खेड्यापाड्यांत गेल्या. फक्त या छपाईतली माणसं न्हाऊनमाखून आलेली असतात. बरगडी दिसायची नाही.

दादासाहेब फाळक्यांनी या छापखान्यासाठी काम केलं, पुढे लोणावळ्यातच स्वतःचा छपाईचा धंदा मांडला. १९१३ला पहिला चित्रपट केला तो हरिश्चंद्राचा: बाप, आई, मुलगा यांची ताटातूट, शेवटी पुन्हा एकत्र.

*

रविवर्म्याचा छापखाना १९७२च्या आगीत गेला. जुन्या घरांच्या वाटण्या होतात तेव्हा भांडी नग मोजून घेतात, तसबिरी अडगळीत पडतात. तसबिरीच्या तळाशी इंग्रजीत 'रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' अशी बारीक ओळ असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. हवं तर तीही वाटणीत धरा.