कडेवरचं बाळपण

आमच्या मनमाडात पाण्याचा दिवस म्हणजे लगीनघाई. वागदर्डी धरणानं तळ गाठला की नळ पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस यायचा नाही. सगळ्यांचे डोळे पालखेडच्या आवर्तनाकडे. मग एका दिवशी गल्लीत आरोळी उठायची, "पाणी आलं गं!" हंडे, कळश्या, टिपं, पार तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं. त्या दिवशी ताईची शाळा बुडायची. हातात नळी आणि कडेवर मी.

आम्ही चार भावंडं. तीन बहिणींवर मी शेंडेफळ. मुलगा पाहिजे म्हणून आई-वडील तिघींवर थांबले नाहीत, हे घरात कुणी लपवलं नाही. रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनतात त्या कारखान्यात वडील कामाला आणि आई कांदे निवडायला जायची. मी झालो तेव्हा ताई नऊ वर्षांची होती. मला न्हाऊ घालणं, भाकर कुस्करून भरवणं, रात्री इंजिनाच्या शिटीनं दचकलो की थोपटणं, सगळं तिच्याकडे.

ताई आता नाशिकला असते, नोकरी करते. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूल नाही. आईनं नस्तनपूरच्या शनिदेवाला नवस बोलला, तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, "आई, नवस फेडू नको. आम्हीच नको म्हटलंय. माझं एक पोर वाढवून झालंय."

आई म्हणाली, "काय बोलू राह्यली तू? आम्हाला कोणी इचारलं व्हतं का, पाहिजे की नको?"

"तेच ना आई. मला कोणी विचारलं होतं?"

आई काही बोलली नाही. सुपातले गहू मात्र बराच वेळ निवडत बसली.

मला मात्र लहानपणापासून वाटायचं, आपल्याला दोन तरी पोरं हवीत. घर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गोंगाट येतो, कुणाची तरी मांडी येते. एकच घर, एकच माया. ज्याला कडेवर घेतलं त्याला मुलांची ओढ लागली आणि जिनं घेतलं तिची कड भरून गेली.

मी जन्मलो त्या सुमारास, १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.८६ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ वर आली. लोक महागाईचं सांगतात, शाळेच्या फीचं सांगतात, आणि ते खरंच आहे. पण त्या आकड्यात आमच्या ताईसारख्या किती थोरल्या लेकी असतील, असं मला वाटत राहतं.

लग्नानंतर मी मुलांचा विषय काढला, तेव्हा बायकोनं विचारलं, "तुला मूल हवंय, की ताई हवीय?"

त्या प्रश्नावर आम्ही दोन वर्षं बोललो. रात्री कोण उठणार, रजा कोण टाकणार, पाण्याच्या दिवशी कोण घरी राहणार. तिचं काम आणि माझं काम कॅलेंडरच्या मागे लिहून काढलं. मग ठरवलं. आता तिला सातवा महिना आहे.

ताईला फोन केला तर ती केवढ्यानं हसली. म्हणाली, "येईन की! पण आत्या होऊन येईन. दोन दिवस लाड करीन आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या पंचवटीनं परत."