साखरेचा डबा

आमच्या धाकटीला नवव्या वर्षी मधुमेह निघाला. पोर महिनाभर तांब्यामागून तांबे पाणी पीत होती, रात्री चार-चारदा उठत होती, परकर कमरेवर ठरेना. तालुक्याला तपासले तेव्हा कळले. गल्लीत मात्र एकच बोलणे, "आईनं गोडधोड चारलं, दुसरं काय!" सासूबाई तोंडाने काही बोलल्या नाहीत, साखरेचा डबा तेवढा उचलून वरच्या फळीवर ठेवला. भगिनींनो, ते मला जास्त लागले.

डॉक्टरीणबाईंपुढे मी रडलेच. त्यांनी छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवले. म्हणाल्या, "याच्या मागं थायमस नावाची ग्रंथी असते." मराठी पुस्तकांत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. १९६१ साली जॅक मिलर या शास्त्रज्ञाने नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून पाहिली. पिल्लांची रोगाशी झुंजण्याची ताकदच गेली. तेव्हा कुठे तिचे काम उमगले.

हाडांतल्या मगजात जन्मलेल्या पेशी इथे येऊन राखणदार होतात. त्यांना टी पेशी म्हणतात. आपण वस्तीवर कुत्रे पाळतो ना? ज्याला स्वतःचे अंगणच ओळखत नाही ते बिनकामाचे. जे घरच्यांवर धावते ते घातकी. थायमसमध्ये हेच पारखतात. आपल्या शरीराची खूण ज्या पेशीला वाचताच येत नाही, ती तीन-चार दिवसांत मरते. मग उरलेल्यांपुढे अंगभरच्या अवयवांचे नमुने धरतात. स्वादुपिंडातल्या इन्शुलिनचासुद्धा! त्यावर जी जोराने झडप घालते तिला बहुधा तिथेच संपवतात. काहींना मात्र इतरांना आवरण्याचे काम मिळते. शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त पेशी बाहेरचा उजेड न बघताच मरतात. इतकी कडक पारख आपण बियाण्याचीही करत नाही.

तरी काही निसटतातच. त्यांना आवरणाऱ्या कमी पडल्या, की त्या घरच्यांवर उलटतात. आमच्या पोरीच्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी अशाच मारल्या गेल्या. साखर खाण्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

हे मी घरी सगळ्यांदेखत सांगितले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या.

आता पोर रोज आपल्या हाताने इन्शुलिन टोचून घेते. कधी रक्तातली साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात. तेव्हा लगेच साखर तोंडात टाकावी लागते. दप्तरातली ती पुडी सासूबाईच बांधून देतात. डबा खालच्या फळीवर आला आहे.